घेटुळीच्या एकवीस काड्या

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार. लेस्टर.

पोचले बाई एकदाची! मुंबई ते हीथ्रो नऊ-दहा तास, पुढे बसने अडीच-तीन तास, आणि स्टँडवर जावई अंबरीशराव हातात जाड कोट घेऊन उभे. कोट त्यांचाच असावा. घातल्यावर माझी बोटंसुद्धा दिसेनात. थंडी मात्र नावं ठेवण्यासारखीच आहे, दुपारी चारला अंधार. सूर्याला इथे अर्ध्या दिवसाची नोकरी दिसते.

विमानतळावर एका साहेबाने बॅग उघडायला लावली. डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट, बाळंतशोपा, माझ्या जुन्या सुती साड्यांचे शिवलेले चाळीस लंगोट. हे काय, ते काय, चाललं होतं त्याचं. मी सांगितलं, डॉटर, डिलिव्हरी. तो हसला आणि बॅग बंद करून दिली. तळाच्या सुपारीच्या डबीपर्यंत त्याचा हात पोचला नाही.

घर छोटंसं, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून. खाली स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि एक कपाटाएवढी खोली, तिला बॉक्सरूम म्हणतात. माझी बॅग तिथे राहील. मी मात्र कस्तुरीच्या खोलीतच खाली गादी घालून झोपणार. सिझर झालंय तिचं, पोरीला उठता-बसता येत नाही.

आणि नात! वसुबारसेला जन्मली, आज आठवा दिवस. नाक माझ्या कस्तुरीचं, कपाळ अंबरीशरावांचं आणि आवाज थेट माझा. पाच मिनिटं नुसती बघत बसले. मग रडले. कस्तुरी म्हणाली, "आई, तू आल्या आल्या इमोशनल नको ना होऊस." मी म्हटलं, होणार.

ही डायरी आमच्या ह्यांची. शशिधर मास्तर, हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, रोज चार ओळी लिहायचे. तीन वर्षांपूर्वी गेले आणि ही कोरीच राहिली. मी कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली. माणसांची बोलणी कानावर पडायची आणि ती पोटात ठेवायची सवय होती. लिहायची सवय नाही. बघू या.

६ नोव्हेंबर, बुधवार

घराचा ताबा घेतला. सव्वा महिना बाळ-बाळंतीण खोलीबाहेर येणार नाहीत हे मी जाहीर करून टाकलं. खिडकीचे पडदे बंद, वारा लागता कामा नये. एक लहान पिवळा दिवा पुरे. कस्तुरी कुरकुरली की इथे सगळे बाळाला दुसऱ्या दिवशी शॉपिंगला नेतात. न्यावं खुशाल. शेजारीण परवा एवढ्याशा मुलाला घेऊन पावसात बसची वाट बघत उभी होती, माझाच जीव वरखाली झाला.

कस्तुरीने फक्त पाजायचं. लंगोट, धुणं, मालिश, अंघोळ, रात्रीचं उठणं सगळं माझं. सकाळी सायीत हळद आणि मसुराचं पीठ कालवून पोरीला चोळते. लोण्यासारखी निघते. अंबरीशराव कौतुकाने फोटो काढतात आणि मग नॉटिंगहॅमला कामावर जातात. गोदामांचं कसलंसं प्लॅनिंग करतात ते. तुम्ही आलात आई, आता मी निवांत, असं म्हणाले. जावयाने असं म्हटल्यावर अंगावर मूठभर मांस चढतं.

बाळ अंगाखांद्यावर घेतलं की हात आपोआप जुनी कामं करतात. कस्तुरीच्या आधी मला एक मुलगा होता. सुयश. चार महिन्यांचा होऊन गेला. अडतीस वर्षं झाली. इथे नको ते.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

बारसं झालं. पाळणा नाही तर मोझेस बास्केट म्हणून टोपली आहे, तिलाच झेंडूची फुलं बांधली. बेलग्रेव्ह रोडवर झेंडू मिळतो, शेपू मिळतो, हिरवी मिरची तर आपल्याहून तिखट. दिवाळीचे दिवे अजून रस्त्यावर आहेत म्हणे. फोनवरून पुणं, कराड, मुंबई सगळे हजर, आणि सगळे एकदम बोलत होते. एक्स्चेंजमध्ये लाइनी गुंतल्या की असंच व्हायचं.

नाव इरावती ठेवलं. मी तिला इरा म्हणते. कुर्रर्र केलं तर तिने जांभई दिली.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज सरकारी बाई येऊन गेल्या. हेल्थ व्हिजिटर म्हणतात. घरी येऊन बाळाचं वजन करतात आणि लाल पुस्तकात लिहितात. बाई गोड होती, बूट दाराशी काढून आत आली. पडदा थोडा बाजूला केला तशी मी घसा खाकरला. बिचारीने लगेच सोडला.

तिने इराकडे वाकून बघितलं आणि कस्तुरीला विचारलं की थोडी पिवळी दिसते का. कस्तुरी हसली. म्हणाली, "ओह, दॅट्स टर्मरिक! माझी आई रोज मसाज करते." आणि माझे पिवळे हात पुढे करून दाखवले. बाईही हसली. आमच्या रीतीभातींचा मान राखायचा म्हणून असेल, पुढे काही बोलली नाही. मग तिने शीचा रंग विचारला. कस्तुरीने माझ्याकडे वळून विचारलं, "आई, शी कशी असते गं तिची?"

सकाळचाच लंगोट माझ्या डोळ्यांपुढे आला. फिक्कट होती. पिवळी नव्हे, हिरवी नव्हे, भिजवलेल्या शाडूसारखी. आणि लघवीचा डाग इतका गडद की दोनदा धुऊनही गेला नाही.

नेहमीसारखी, मी म्हटलं.

का म्हटलं? परक्या बाईसमोर बाळाचा पंचनामा नको म्हणून. बाईने लाल पुस्तकात खूण केली आणि एक पत्रक ठेवून गेली. कस्तुरीने वाचून दाखवलं. दोन आठवड्यांनंतर पिवळेपणा राहिला, किंवा शी पांढुरकी असली, तर त्याच दिवशी फोन करा. मी पत्रक घडी करून पुस्तकात ठेवलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

अंघोळ घालताना आज हळद लावली नाही. पुसून पदराखाली धरून बघितलं. डोळ्यांची पांढरी बाजू पिवळी आहे.

मला कावीळ कळते. आमच्या सासरी पिढ्यान् पिढ्या काविळीची माळ देतात. सासूबाई द्यायच्या, त्यांच्यानंतर मी. बुधवारी आणि रविवारी पहाटे ओट्यावर रांग लागायची. घेटुळीच्या मुळांच्या काड्या दोऱ्यात गाठी मारून ओवायच्या, एकवीस. माळ डोक्यावर ठेवायची. ती दिवसागणिक वाढत जाते, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून पोटावर, आणि पायांतून निघाली की कावीळ उतरली. पैसे घ्यायचे नाहीत, कुणाला सांगायचं नाही, आणि मुख्य म्हणजे पायाशी येईपर्यंत ती तोडायची नाही.

हे माझी थट्टा करायचे. सांगायचे, ओल्या काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ वाढते. आणि पाण्यातून होणारी कावीळ महिन्याभरात आपली आपण जाते. एकदा त्यांनी एक माळ घेतली आणि मुकाट्याने भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. तिथेही ती वाढत वाढत जमिनीला टेकली. "खिळ्याला कावीळ झाली होती का गं उल्का?" एवढंच विचारलं. मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नव्हते. सुयश गेला त्याच वर्षीची गोष्ट.

सुपारीच्या डबीत काड्या होत्या. वर्षभराच्या जुन्या, कडकडीत वाळलेल्या. का आणल्या होत्या, देव जाणे. कस्तुरी पाजून झोपल्यावर बॉक्सरूममध्ये बसून ओवल्या. एकवीस, मोजून. बाळाच्या अंगावर दोरा ठेवायचा नाही असं कस्तुरीने बजावलंय, म्हणून सकाळी मालिशीच्या वेळी तेवढी इराच्या डोक्याला लावते आणि एरवी बॉक्सरूमच्या दारामागच्या हुकाला टांगते.

कस्तुरीला सांगितलेलं नाही. फोनही करायला सांगितला नाही. माळ घातल्यावर डॉक्टर करायचा नाही, मोडते. एकदा मोडली होती. ते मला पुन्हा करायचं नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

माळ वाढली! चार बोटं तरी खाली आली आहे. जीव भांड्यात पडला. आज शेपूची भाजी, भाकरी, अळिवाची खीर. कस्तुरीने आवडीने खाल्लं. अंबरीशरावांनी शेपूचा वास घेऊन खिडकी उघडली, मी लावली. इरा दूध मन लावून पिते. पोट जरा फुगीर वाटतं, गॅस असेल. बाळंतशोपा वाढवल्या.

शी अजून तशीच. निचरा व्हायला वेळ लागतो.

लंगोट वाळत घातले तर शेजारच्या बाईने कुंपणावरून विचारलं की रंग दिलाय का. इतका सुंदर पिवळा, म्हणाली.

२ डिसेंबर, सोमवार

आज एक गोष्ट लक्षात आली आणि दिवसभर हातून कामं चुकली.

वाळलेली काडी आणखी वाळत नाही. ह्यांचंच म्हणणं खरं धरलं तर ही माळ वाढायलाच नको होती. मग मी ती हुकावरून काढून खिडकीशी नेली. गाठी घट्ट आहेत, दोरा सैल पडलेला नाही. मग वाढली कशी?

काड्या मोजल्या. छत्तीस.

मी एकवीस ओवल्या होत्या. म्हातारपणी मोजायला चुकले असेन, पण पंधराने? आणि खालच्या पंधरांच्या गाठी उलट्या आहेत. डावखुऱ्या माणसाने मारल्यासारख्या. या घरात डावखुरं कुणी नाही. सासूबाई डावखुऱ्या होत्या. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली.

डबीतल्या उरलेल्या काड्या जशाच्या तशा आहेत.

६ डिसेंबर, शुक्रवार

चाळीस दिवस झाले. इराला न्हाऊ घालून पहिल्यांदा खाली आणलं, पुढच्या खोलीत, मोठ्या खिडकीशी. नेमकं आज ऊन होतं.

कस्तुरी ओरडलीच. "आई, ही पिवळी आहे! शी इज सो यलो!" अंबरीशरावांनी तिला उजेडात धरलं. डोळे, तळवे, जिभेखाली. माझ्या हळदीवर आता कुणी हसलं नाही. ते पत्रक काढलं. कस्तुरीने मला समोर बसवून विचारलं, नीट, शांतपणे, मी तिला लहानपणी विचारायचे तसं. आई, खरं सांग, शी पांढरी असते का?

माळ सकाळीच मी बघितली होती. छातीपर्यंत आलेली. अर्ध्यावर.

मी म्हटलं, नाही गं, पिवळी असते. छान पिवळी.

तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. सोमवारी डॉक्टरांकडे सहा आठवड्यांची तपासणी आहेच, तेव्हा दाखवू असं ठरलं. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली आणि म्हणाली, तू आहेस म्हणून बरं आहे.

९ डिसेंबर, सोमवार

लिहायची लाज वाटते.

दहाची वेळ होती. नऊला इराचा कोट-टोपी झाली. आणि मी जिन्यात बसले, छातीला हात लावला, चक्कर आली म्हणाले. नव्हती आली. अजून दोन आठवड्यांत माळ पायाशी येईल, तेवढं मिळावं. अंबरीशराव मला घेऊन इस्पितळात सहा तास बसले. पोरगा दिवसभर उपाशी, मला मात्र कॅन्टीनमधून सूप आणून दिलं. माझं हृदय ठणठणीत निघालं. कस्तुरी घरी एकटी, तिला टाक्यांमुळे गाडी चालवता येत नाही. इराची वेळ हुकली.

नवी वेळ तेवीस तारखेची मिळाली. कस्तुरीने लवकरची मागितली. त्यांनी फोनवर विचारलं, शीचा रंग ठीक आहे ना? ती म्हणाली, हो, माझी आई रोज बघते.

११ डिसेंबर

आज पंचेचाळीस काड्या.

काल चव्वेचाळीस होत्या. परवा त्रेचाळीस. इराला आज पंचेचाळिसावा दिवस.

ती उतरत नाहीये. ती दिवस मोजते आहे.

तोडून टाकावी असं मनात आलं. कात्री हातात घेतली होती. मग सुयश आठवला आणि कात्री ठेवली.

लिहूनच टाकते. सुयशही असाच होता. पिवळा, फुगलेलं पोट, पांढरी शी. मी मिरजेच्या इस्पितळात न्या म्हणत होते. सासूबाई म्हणायच्या, माळ उतरतेय, मध्ये पडू नकोस. रोज सकाळी ओट्यावर बसून ती माळ मोजायच्या. मला वाटायचं जप करतात. एके दिवशी मीच दोरा तोडला, पोराला पदरात घेतलं आणि एसटी पकडली. मिरज यायच्या आत तो गेला. माझ्या मांडीवर. सासूबाई म्हणाल्या, तोडलीस म्हणून गेला.

अडतीस वर्षं मी ते खरं मानलं. म्हणून एकाचीही माळ नंतर तोडू दिली नाही. एकाचीही.

२३ डिसेंबर, सोमवार

सत्तावन्न. माळ पायाशी आली. सकाळी इराच्या पायांतून काढली. आनंद झाला नाही. ती आणखी पिवळी आहे. खरं तर पिवळी नाही, हिरवट. नखांखाली मातीसारखा रंग.

डॉक्टरबाईने तिला उघडं केलं आणि पोट दाबून बघितलं. तिथेच इराने शी केली. डॉक्टरबाईने लंगोट उचलून खिडकीशी नेला आणि कस्तुरीला बोलावलं. कस्तुरीने तो बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

तसेच इस्पितळात. रक्त काढलं. नाताळ आहे, अर्धी माणसं रजेवर, तरी धावपळ चालली आहे.

मी घरी आले कपडे न्यायला. माळ हुकावर आहे. मी ती सकाळी सोअर नदीत सोडली होती. अंबरीशरावांनी पुलावर गाडी थांबवली होती, मी फुलं म्हणून सांगितलं. माझ्या हातांनी सोडली होती.

२८ डिसेंबर, शनिवार

मोठ्या शहरातल्या लिव्हरच्या वॉर्डात हलवलं. सर्जन तरुण आहेत, त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. अंबरीशरावांनी मला मराठीत सांगितलं. पित्ताची नळी जन्मतःच बंद आहे. पित्त आतड्यात येत नाही म्हणून शी पांढरी. ते लिव्हरमध्येच साठतं आणि लिव्हर जाळतं. आतडं थेट लिव्हरला जोडायचं ऑपरेशन असतं. होईल तितकं लवकर केलेलं बरं, साठ दिवसांच्या आत झालं तर जास्त आशा असते.

आज बासष्टावा दिवस आहे.

सर्जननी विचारलं, शी पांढरी कधीपासून? साधाच प्रश्न, फॉर्म भरायला. कस्तुरी आणि अंबरीशराव दोघंही माझ्याकडे वळले.

मी म्हटलं, गेल्या आठवड्यापासून.

१ जानेवारी

काल ऑपरेशन झालं. साडेपाच तास. लिव्हर दगडासारखं झालं होतं, म्हणाले. पित्त वाहतं की नाही हे आता बघायचं.

आज मी कस्तुरीला सांगितलं. कॉरिडॉरमध्ये, चहाच्या मशीनपाशी. अकरा नोव्हेंबरचं, सहा डिसेंबरचं, चक्करेचं, माळेचं, सुयशचं, सगळं. तीस वर्षं पोटात ठेवायची सवय, एकदम उलटी झाल्यासारखं बाहेर आलं. ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई, मी तुला विचारलं होतं गं," म्हणाली. "दोनदा विचारलं होतं."

आणि आत गेली.

अंबरीशरावांनी मला लेस्टरला आणून सोडलं. दाराशी म्हणाले, हीटिंग चालू ठेवा, आई.

६ जानेवारी

एकटी आहे. ती दोघं तिथेच राहतात. संध्याकाळी अंबरीशरावांचा एक मेसेज येतो. ताप नाही. ताप आहे. शी पांढरीच.

एकाहत्तर काड्या. जमिनीला टेकली.

आणि आज धुण्याच्या बादलीशी एकदम कळलं. हात तसेच पाण्यात राहिले.

सुयशच्या त्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माळ दोनदा मोजली होती. मी दारातून बघत होते. एकदा मोजली. थांबल्या. पुन्हा मोजली. मग पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी तोडली ती त्यानंतर, दहा वाजता.

म्हणजे त्यांना आधीच कळलं होतं. त्या दिवशीची काडी वाढलीच नव्हती. मी तोडायच्या आधीच —

माझ्या हातून गेला नव्हता तो. तोडल्याने गेला नव्हता. इतके दिवस ठेवल्याने गेला.

आणि मी तेच पुन्हा केलं. माझ्या लेकीच्या लेकरावर. ओट्यावर आलेली ती आणखी तान्ही — तीन होती, चार होती — त्यांच्या आया माझ्या पाया पडून गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत.

१३ जानेवारी

अठ्ठ्याहत्तर.

आधी वाढली की भीती वाटायची. आता सकाळी उठून धावत जाते. वाढलेली असली की हुकाला हात जोडते. वाढ बाई. खोलीभर वाढ, जिन्यावरून उतर, रस्त्यावर जा. थांबू नकोस.

हिशेब चुकला म्हणून तीनदा मोजते. तीनदाही अठ्ठ्याहत्तर. देवा.

१९ जानेवारी

चौऱ्याऐंशी.

जंतुसंसर्ग. पुन्हा नळ्या लावल्या. दुसरं लिव्हर बसवायचं बोलतात, पण आधी ताप उतरायला हवा. मी म्हटलं, माझं घ्या, माझं लिव्हर कापून घ्या. अंबरीशरावांनी कळवलं, वय बसत नाही. आणि पुढे — कस्तुरीने विचारलंय तुम्ही जेवलात का.

त्या एका ओळीवर तासभर रडले.

२२ जानेवारी

सत्त्याऐंशी. गाठ अजून ओली होती. नुकतीच मारल्यासारखी.

सासूबाई, मारा. तुम्हीच मारता ना — उद्याची मारा — मी तुम्हाला काही बोलणार नाही — अडतीस वर्षांचं काही काढणार नाही —

२३ जानेवारी

अठ्ठ्याऐंशी.

कस्तुरीचा फोन. स्वतः. म्हणाली, आई, ये. अंबरीश उद्या न्यायला येईल. इराने डोळे उघडले, तुझा आवाज ऐकव तिला.

फोनवर अंगाई म्हटली. पलीकडे मशीनचा टिक टिक आवाज. मध्येच एक छोटासा हुंकार — तिचाच —

बॅग भरली. लंगोट घेतले. पिवळे गेले नाहीत डाग, तरी घेतले.

२४ जानेवारी

अठ्ठ्याऐंशी.

काल अठ्ठ्याऐंशी होत्या. आज एकोणनव्वद हव्यात.

उजेड नाही पुरेसा. खिडकीशी आणली. पडदा पूर्ण उघडला. चष्मा पुसला.

अठ्ठ्याऐंशी.

नाही. दोनदा झालं — दोनदा नको मोजायला — तिसऱ्यांदा मोजते —

फोन वाजतोय. अंबरीशरावांचं नाव. न्यायला निघाले असतील, तेच सांगायला असेल. एक्स्चेंजच्या तीस वर्षांत दुसऱ्या घंटेच्या पुढे मी कुणाला थांबवलं नाही.

वाजू दे.

डबीत काड्या आहेत. मी ओवते. माझ्या हाताने. एकोणनव्वद झाल्या की उचलते फोन — तोवर कुणी काही सांगितलेलं नाही — तोवर ती आहे —

गाठ बसत नाही. पुन्हा मारते —

बंद झाला. पुन्हा वाजतोय. आता कस्तुरीचं नाव.

थांब गं बाळा, थोडं थांब, एकच काडी, एकच